राबायला हवेत, पण राहायला? : अमेरिकेच्या स्थलांतर धोरणावरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

अमेरिकेच्या स्थलांतर धोरणावर मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुधा एच-१बी व्हिसापासून सुरू होते आणि तिथेच संपते. ते साहजिकही आहे. पुणे, ठाणे, नाशिकच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून तिकडे असतेच. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या घोषणापत्रावर सही केली. अंमल सुरू व्हायला जेमतेम दीड दिवस उरला होता. घटस्थापनेच्या आधीचा तो शनिवार-रविवार अनेक घरांनी फोन हातात धरून काढला. आईवडिलांना भेटायला आलेले कित्येक जण मिळेल त्या दराने तिकीट काढून परत निघाले. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हाती व्हिसा असलेल्यांना नाही, हा खुलासा झाला तोवर अनेकांची विमाने सुटली होती.

त्या दोन दिवसांची धास्ती खोटी नव्हती. पण तिच्यामुळे एक मोठा वाद आपल्या नजरेआड होतो, आणि तो नजरेसमोर आणण्यासाठीच हा संग्रह आहे. अमेरिकेत आज वादाचे विषय अनेक दिसतात: सीमेवरची भिंत, आश्रय मागणाऱ्यांचे लोंढे, शेतमजुरांवरचे छापे, सॉफ्टवेअर अभियंत्यांचे व्हिसा, जन्माने मिळणारे नागरिकत्व. या साऱ्यांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याला कधी काळी बरोबरीचा नागरिक होऊ द्यायचे की नाही? माणसे किती घ्यायची, कुठून घ्यायची, हे प्रश्न त्यानंतरचे. देश कितीही कडक झाला तरी त्याला हात लागतातच. हातांबरोबर येणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे अमेरिकेने दीडशे वर्षांत अनेकदा ठरवले आणि अनेकदा फिरवले आहे. सध्या ती पुन्हा एकदा ठरवते आहे.

व्हिसा बुलेटिन नावाचे एक पत्रक अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला प्रसिद्ध करते. त्यात एक साधा तक्ता असतो. आडव्या ओळी नोकरीच्या श्रेणींच्या: ईबी-१, ईबी-२, ईबी-३ आणि पुढे. उभे रकाने देशांचे: चीन, भारत, मेक्सिको, फिलिपाइन्स, आणि बाकी साऱ्या जगाचा मिळून एक. प्रत्येक चौकटीत एक तारीख असते. तुमचा ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज त्या तारखेच्या आधी दाखल झाला असेल तर तुमची पाळी आली, ‘डेट करंट झाली’. जुलै २०२५ च्या पत्रकात ईबी-२ च्या ओळीत भारताच्या रकान्यात १ जानेवारी २०१३ ही तारीख होती. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांची पाळी तेव्हा चालू होती. ही तारीख पुढेच सरकेल अशी हमी नाही, कधी ती मागेही जाते. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्याला आपले लग्न कोणत्या वारी झाले ते आठवायला वेळ लागेल, पण आपली ‘पीडी’, म्हणजे प्रायॉरिटी डेट, झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे देण्याची कायद्यात तरतूद आहे. नोकरदाराच्या नवरा-बायकोला आणि मुलांनाही त्यातूनच कार्ड लागते, त्यामुळे निम्म्याहून जास्त कार्डे कुटुंबीयांकडे जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक सहसा जाऊ नयेत, असा नियम आहे. लोकसंख्या चार लाख असो वा एकशे चाळीस कोटी, मर्यादा सारखीच. दुसऱ्या बाजूला, एच-१बी देताना देशवार मर्यादा नाही आणि मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीय सत्तर टक्क्यांहून जास्त असतात. आत येण्याचे दार रुंद आणि कायम राहण्याचे अरुंद. परिणाम असा की कुटुंबे धरून दहा लाखांहून अधिक भारतीय या रांगेत अडकले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची पाळी त्यांच्या हयातीत येणार नाही.

रांगेत उभे राहणे म्हणजे नुसते थांबणे नव्हे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. पगार कमी वाटला, वरिष्ठ त्रास देतो म्हणून कंपनी सोडायची, तर कागदपत्रांचा मोठा भाग पुन्हा करायचा. वर्षभराच्या वयात आईबापांबरोबर आलेले मूल तिथल्याच शाळेत वाढते. ते एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून गळते. ‘एज आउट’ होणे म्हणतात त्याला. मग ज्या देशाखेरीज दुसरे काही माहीत नाही, तिथेच त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा मागावा लागतो. ही मुले कायदा मोडून आलेली नाहीत, म्हणून बेकायदा आलेल्यांच्या मुलांसाठी २०१२ साली ओबामांनी काढलेल्या ‘डाका’ योजनेतही ती बसत नाहीत.

यावर उपाय सुचवले गेले नाहीत असे नाही. देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा मतांनी मंजूर झाले. सिनेटने पुढच्या वर्षी आपली वेगळी आवृत्ती मंजूर केली, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मात्र मराठी वाचकाने ऐकून घ्यावे. एकूण कार्डे तेवढीच ठेवून मर्यादा काढली, तर पुढची कित्येक वर्षे जवळपास सगळी कार्डे भारतीयांना जातील, आणि फिलिपाइन्सची परिचारिका किंवा नायजेरियाचा संशोधक आज भारतीय अडकले आहेत तशाच रांगेत अडकतील. कार्डांची संख्या वाढवल्याशिवाय ही रांग न्यायाने हलणार नाही, आणि नेमकी ती वाढवण्याची तयारी आज दोन्ही पक्षांत कमी आहे.

हा पेच आजचा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा त्यांना कुणी व्हिसा विचारला नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता. ज्यांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे पश्चिम किनाऱ्याला जोडली, त्यांनाच रेल्वे झाल्यावर नको म्हटले गेले. पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग वर्ज्य ठरला आणि १९२४ च्या कायद्याने युरोपातल्या देशांनाही कोटे ठरवून दिले.

सखाराम गणेश पंडित यांची हकिकत या काळातली. आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पंडित मूळचे अहमदाबादचे. १९१४ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले आणि ते लॉस एंजेलिसमध्ये वकिली करू लागले. तेव्हा नागरिकत्व मिळवायला अर्जदार कायद्याच्या भाषेत ‘गोरा’ असावा लागे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा त्यांची बाजू पंडितांनी मांडली. उत्तर हिंदुस्थानातले लोक मानववंशशास्त्रानुसार कॉकेशियन आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. काही महिन्यांपूर्वी एका जपानी अर्जदाराला नकार देताना याच न्यायालयाने ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असे म्हटले होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याने मत फिरवले: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आले होते.

निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगई यांचे नागरिकत्व गेले, दुकान विकावे लागले, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडितांवरही खटला झाला. त्यांनी या वेळी वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि वेगळाच युक्तिवाद केला: तुम्ही दिलेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी आयुष्य उभे केले, वकिलीची सनद घेतली, घर घेतले, अमेरिकी स्त्रीशी लग्न केले, आता इतक्या वर्षांनी तुम्ही शब्द मागे घेऊ शकत नाही. ते जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील दाखल करून घ्यायला नकार दिला आणि उरलेले असे खटले सरकारने सोडून दिले.

पंडितांचा हा युक्तिवाद मला आजच्या वादातला सर्वांत वजनदार युक्तिवाद वाटतो, म्हणून तो इथे मांडला. राज्यसंस्था एखाद्याला वर्षानुवर्षे कामाला ठेवते, त्याच्याकडून कर घेते, त्याच्या मुलांना आपल्या शाळेत शिकवते, तेव्हा ती त्याला काही देणे लागते का? थिंड खटला ‘कोण पात्र’ या प्रश्नावर हरला. पंडितांचा खटला ‘इतका काळ गेल्यावर आता काय’ या प्रश्नावर जिंकला. या संग्रहातले निम्मे लेख या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतात.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने वंशावर आधारलेले कोटे गेले. आजचा मराठी अमेरिकेत आहे तो या कायद्यामुळे. त्याआधी, १९४६ पासून, हिंदुस्थानला वर्षाला अवघ्या शंभर माणसांचा कोटा होता. मात्र त्याच कायद्याची दुसरी बाजू आपण विसरतो. मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातल्या देशांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा आली. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ च्या अखेरीस, ब्रासेरो कार्यक्रम बंद झाला होता. १९४२ पासून या कार्यक्रमाखाली मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर करारावर आणले जात. एकूण करार पंचेचाळीस लाखांच्या आसपास झाले. कार्यक्रम बंद झाला, पण मळे तिथेच होते, पीक तेव्हाच पिकत होते आणि माणसांना वाट पाठ होती. काल जो करारावर येत होता तोच माणूस त्याच मळ्यात त्याच कामाला आता बेकायदा म्हणून येऊ लागला. अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतराची समस्या केवळ कायदा मोडणाऱ्यांनी निर्माण केलेली नाही. कायदा आणि गरज यांची फारकत झाली, तिथे ती उगवली.

आज तिथल्या पिकांवर काम करणाऱ्या मजुरांत सुमारे चाळीस टक्के विनाकागदपत्र आहेत, असे तिथल्या कामगार खात्याच्याच पाहणीत दिसते. जून २०२५ मध्ये शेते, हॉटेले आणि उपाहारगृहांवरचे छापे थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच फिरवला गेला. आदेश काढणाऱ्यांनाही भाजी कोण तोडतो हे ठाऊक होते, आणि मतदारांना काय सांगून आलो हेही. हंगामी मजुरांसाठी एच-२ए व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादा नाही. पण गाई बारा महिने दूध देतात, आणि हंगामी व्हिसावर गोठ्यात वर्षभराचे काम करता येत नाही. म्हणून विस्कॉन्सिनच्या दूध धंद्यात विनाकागदपत्र मजुरांवाचून चालत नाही.

स्थलांतरितांमुळे स्थानिकांची मजुरी घटते का? या जुन्या वादावर संग्रहात दोन लेख आहेत आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. तसेच असायला हवे. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसे काही महिन्यांत मायामीकडे आली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि म्हटले की शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी बरीच घसरली. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, म्हणून वाद मिटला असे नाही. ब्रासेरो कार्यक्रम बंद पडल्यावर स्थानिक मजुरांचे दर वाढले का, याचाही अभ्यास झाला आहे. ते वाढले नाहीत. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणीची यंत्रे आणली. माझे मत या दुसऱ्या दाखल्याकडे झुकते. पण तळच्या मजुराची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. संप फोडायला सीमेपलीकडून माणसे आणली जात म्हणून सेसार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेनेही एके काळी त्यांना विरोध केला होता. ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९५ मध्ये कायदेशीर स्थलांतरही घटवण्याची शिफारस केली होती. मर्यादा मागणारा प्रत्येक जण वर्णद्वेष्टा असतो, असे मानून हे पुस्तक वाचू नये.

एच-१बीच्या बाबतीतही तेच. २०१५ मध्ये फ्लोरिडात डिस्नेच्या संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांना काढले गेले, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या जागी आलेल्या व्हिसाधारकांना काम शिकवून जावे लागले. ती चीड खरी होती. आता हे व्हिसा वाटताना सरसकट सोडतीऐवजी जास्त पगाराला झुकते माप देण्याची पद्धत पुढे आली आहे. स्वस्त मजुरी म्हणून या व्हिसाचा वापर होऊ नये, हा तिचा हेतू योग्य आहे. पण व्हिसाधारक स्वस्त पडतो तो मुख्यतः बांधलेला असतो म्हणून. त्याला नोकरी बदलण्याची मोकळीक आणि ठरावीक वर्षांत ग्रीन कार्डाची खात्री दिली, तर त्याला कमी पगारात राबवणे आपोआप अवघड होईल, आणि त्यात शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकी अभियंत्याचेही भले आहे. या उपायाबद्दल तिथल्या सभांत फारच कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते.

अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाने, मोठा निर्णय घेतला त्याला आता बराच काळ लोटला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. १९९० मध्ये आजची व्हिसा व्यवस्था ठरली, तेव्हा इंटरनेट घरोघरी पोहोचायचे होते. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी सर्वंकष विधेयक मंजूर केले, प्रतिनिधिगृहाने ते मतालाच घेतले नाही. २०२४ मध्ये सीमेबाबत दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी केलेला मसुदाही निवडणुकीच्या राजकारणात बुडाला. कायदा होत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष आदेश काढतात, राज्ये कोर्टात जातात, न्यायाधीश स्थगिती देतात, पुढचा राष्ट्राध्यक्ष आदेश फिरवतो. स्थलांतर न्यायालयांत तीस लाखांहून अधिक प्रकरणे पडून आहेत. पैसा उभा राहतो तो प्रामुख्याने अटक, कोठडी आणि परतपाठवणीसाठी. जुलै २०२५ च्या अर्थविधेयकात एकट्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर ठेवले गेले. निर्वासितांसाठीची वार्षिक मर्यादा मात्र सव्वा लाखावरून २०२६ च्या वित्तीय वर्षासाठी साडेसात हजारांवर आली. आणि हे अशा देशात, जिथे काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबानुसार काही वर्षांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होऊ लागतील.

या सगळ्यांत खोलवर जाणारा वाद जन्मसिद्ध नागरिकत्वाचा आहे. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्यांना कुणी परके म्हणू नये यासाठी चौदावी घटनादुरुस्ती झाली. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क चीनला जाऊन परतला तेव्हा त्याला बंदरातच अडवण्यात आले. त्याच्या आईबापांना नागरिक होण्याची कायद्याने मुभा नव्हती. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आईबाप परदेशी असले तरी तो इथे जन्मला, तो नागरिक. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने हे बदलू पाहिले. आदेश फक्त बेकायदा आलेल्यांच्या मुलांपुरता असल्याचे आपल्याकडे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर त्या मुलालाही तो लागू होत होता. म्हणजे दहा-बारा वर्षे कर भरून रांगेत असलेल्या मराठी जोडप्याचे बाळसुद्धा. खालच्या न्यायालयांनी तो रोखला आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रांग कितीही लांब असली तरी पुढच्या पिढीपाशी ती संपते, ही आजवरची खात्री या आदेशाने हलवली.

‘आमची मुले कायदेशीर गेली, त्यांचा आणि त्या घुसखोरांचा काय संबंध’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानातून १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवले, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. एजंटांना लाखो रुपये मोजून जंगलातून गेलेल्या त्या माणसांचे आणि ईबी-२ च्या रांगेतल्या अभियंत्याचे आयुष्य सारखे नाही, हे खरे. पण दोघांनाही एकच व्यवस्था सांगते आहे की तुझे काम हवे, तुझे कायम राहणे आम्ही बघू. पहिल्याला दूर लोटून दुसऱ्याची जागा पक्की होत नाही, हे १९२३ नंतरच्या हिंदी नागरिकांनी अनुभवले आहे. मराठी वाचकाला आपल्याकडचा परप्रांतीयांचा वादही आठवेल. तो आठवावा, पण एक फरक ध्यानात ठेवावा: देशात कुठेही राहण्याचा हक्क भारतीय नागरिकाला घटनेनेच दिलेला आहे. इथे ज्या माणसांविषयी लिहिले आहे त्यांच्याकडे नेमका तो हक्क नाही.

या पुस्तकात कॅनडा आणि ब्रिटनवर लेख नाहीत. तिथले नियम इतक्या वेगाने बदलत आहेत की छापून होईपर्यंत ते शिळे झाले असते. आखाताचा विषय मात्र जागेअभावी राहिला, आणि त्याची चुटपुट मोठी आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून माणसे दुबई, कुवेत, दोह्याला गेली आणि जातात. तिथे कफाला पद्धतीत कामगार मालकाशी बांधलेला असतो, तीस वर्षे राबला तरी नागरिक होत नाही, आणि काम संपले की परत येतो. त्याला कोणी तसे आश्वासन दिलेले नसते. अमेरिकेने ते दिले होते, लेखी कायद्यात. एकविसाव्या वर्षी गळणारे मूल, साठ दिवसांची मुदत, हयातीत न येणारी पाळी हे सारे पाहिले की ती आखाताच्या वाटेने किती पुढे गेली आहे हे दिसते. तिथून तिने मागे फिरावे की नाही, यावर तिथले मतदार, न्यायाधीश आणि कायदेमंडळातले लोक आज भांडत आहेत. पुढचे लेख त्या भांडणाचे आहेत.